ताई, कार्बनचा क्रँक घेऊ का?

ताई, नमस्कार. मी कोथरूडला राहतो. वय ३१, उंची पाच फूट पाच इंच. तीन वर्षांपूर्वी २९ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) घेतली. गिअर शिमानो देओरे बारा स्पीड, पुढे ३२ दातांची रिंग (चेन ओढणारी चकती), क्रँक (पेडल ज्या हातावर बसतं तो) १७५ मिमी. आठवड्यातून तीनदा वेताळ टेकडी, महिन्यातून एकदा सिंहगड, डिसेंबरात मित्रांबरोबर दापोली-गुहागर. पुढच्या वर्षी हिमाचलमध्ये चार दिवसांची रेस करायची आहे. ओळखीतला एक जण त्याचा स्रॅमचा एक्स-झीरो-वन कार्बन क्रँक विकतोय. लांबी १७५, रिंग ३४ दातांची, किंमत १८ हजार. माझ्या क्रँकपेक्षा पाव किलोहून जास्त हलका आहे. दोनच वर्षं वापरलाय आणि 'एक ओरखडासुद्धा नाही' म्हणतो. टेकडीच्या शेवटच्या चढाला मला अजून उतरावं लागतं, तिथे फरक पडेल असं वाटतं. शिवाय पेडल दगडांवर फार आपटतं, तर कार्बन टिकेल ना? घेऊ का? घरी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

नमस्कार,

बायकोला सांगितलं नाहीत ते बरंच झालं. सांगण्यासारखं काही होणार नाहीये. हा क्रँक घेऊ नका.

का ते सांगते. नुसतं 'नको' म्हटलं तर आठवडाभरात तुम्ही दुसरा कार्बन क्रँक शोधून काढाल. मीही तेच केलं होतं, त्याची हकीकत पुढे येईलच.

तुमच्या पत्रात खऱ्या तक्रारी दोनच आहेत. चढाला उतरावं लागतं, आणि पेडल आपटतं. सायकल जड आहे अशी तक्रार तुम्ही कुठेच केलेली नाही. ते पाव किलो विकणाऱ्याने तुमच्या डोक्यात घातलंय. आणि हा क्रँक तुमची पहिली तक्रार वाढवणार आहे, दुसरीला हातही लावणार नाही.

कागद-पेन्सिल घ्या. देओरे बारा स्पीड आहे म्हणजे मागे बहुधा १०-५१ची कॅसेट, म्हणजे १० ते ५१ दातांच्या चकत्यांचा गठ्ठा, असणार. २९ इंची चाकाचा घेर साधारण २.३ मीटर धरा. पुढे ३२ आणि मागे ५१ असताना पायाच्या एका फेऱ्यात सायकल १.४४ मीटर पुढे जाते. पुढे ३४ लावले की तीच १.५३ मीटर जाते. सपाटीवर हे ऐकायला छान वाटतं. पण टेकडीच्या त्या शेवटच्या, सुट्या मुरमाच्या चढावर याचा अर्थ एवढाच की आज ज्या गिअरला पाय अडतो, त्याहून सहा टक्के जास्त जोर प्रत्येक पावलाला लावायचा. आज तुम्ही जिथे उतरता, त्याच्या दहा फूट आधी उतराल. १८ हजार देऊन.

आता वजन. तुम्ही, सायकल, पाणी, बूट, हेल्मेट सगळं मिळून ८८ किलो धरू. त्यातून पावणेतीनशे ग्रॅम गेले तर फरक पडतो ०.३ टक्के. सिंहगडाचा घाट तुम्हाला समजा एक तास लागतो. तर वाचतात फार तर अकरा सेकंद. वर पोचल्यावर दहीवाल्या मावशींकडे सुटे नाहीत म्हणून याहून जास्त वेळ जातो.

'फिरणारं वजन' हा युक्तिवाद तुमच्या मित्राने केलाच असेल, सगळे करतात. चाकाच्या कडेला तो थोडाफार खराही आहे, कारण टायर सायकलच्याच वेगाने फिरतो. पण क्रँक? मिनिटाला ८० फेरे धरले तरी पेडलचं टोक सेकंदाला दीड मीटरही जात नाही. माणूस चालतो तो वेग. तिथल्या ग्रॅमला फिरण्याचा वेगळा मान देण्याचं कारण नाही.

खरा विषय लांबीचा आहे, आणि तो क्रँक विकणारे कधी काढत नाहीत. तुमच्या उंचीला १७५ मिमी क्रँक लांबच आहे. कंपन्या वर्षानुवर्षं मध्यम आणि मोठ्या मापाच्या सायकलींना सरसकट १७५ लावत आल्या, आणि आपण तेच आपलं माप समजलो. आता डोंगरी सायकलींवर १७० आणि १६५ सर्रास दिसतात. कारण साधं आहे: क्रँक जेवढा आखूड, तेवढं खाली गेलेलं पेडल जमिनीपासून वर राहतं. १७५चा १७० केला की ५ मिमी मिळतात. ऐकायला चिल्लर वाटते. पण तुमच्या पेडलच्या खालच्या कडेचे ओरखडे बघा. निम्मे तरी नुसते घासून गेलेले असतील. ते वाचतात.

थोडा फायदा गुडघ्यालाही होतो. क्रँक ५ मिमी आखूड केला की सीट ५ मिमी वर घ्यावी लागते, आणि वरच्या टोकाला पाऊल ५ मिमी खाली येतं. म्हणजे गुडघा सर्वात जास्त दुमडतो तिथे एकूण १० मिमी मोकळीक मिळते. चार दिवसांच्या रेसमध्ये तिसऱ्या दिवशी हे कळतं. (सीट वर घ्यायची मात्र विसरू नका. क्रँक बदलून सीट तशीच ठेवणारे आणि मग मांड्या भरतात म्हणून क्रँकला शिव्या देणारे मी चार तरी पाहिलेत.)

मग थेट १६५ का नको? इथे एक मेख आहे. क्रँक आखूड झाला की तरफही आखूड होते. १६५वर ३० दातांची रिंग लावली तर पायाला लागणारा जोर जवळजवळ तेवढाच राहतो जेवढा आज १७५ आणि ३२ला लागतो. ३०ला १६५ने भागा, ३२ला १७५ने भागा, उत्तर सारखंच येईल. म्हणजे आपटणं कमी होईल, पण चढ होता तसाच. १७० आणि ३० घेतलं तर जोर साडेतीन टक्क्यांनी कमी होतो आणि ५ मिमीही मिळतात. १६५ आणि २८ हाही चांगला जोड आहे, चढाला सात टक्के हलका. त्यात वरचा वेग थोडा जातो, मिनिटाला ९० फेऱ्यांवर सायकल ताशी ३५च्या आसपास थांबते. तुमच्या वापराला मी १७० आणि ३० म्हणेन.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते: 'कार्बन टिकेल ना?'

टिकतो. कार्बन काही काच नाही. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये निनो शूर्टरने डोंगरी सायकलिंगचं सुवर्ण जिंकलं तेव्हा त्याच्या सायकलवर स्रॅमचा कार्बन क्रँकच होता. पण शूर्टरच्या सायकलमागे मेकॅनिक उभा असतो, आणि क्रँकबद्दल शंका आली तर त्याला कोणी १८ हजार मागत नाही. दुसरीकडे शिमानोने २०१८मध्ये आणलेल्या एक्सटीआर या आपल्या सर्वात वरच्या मालिकेतही क्रँक ॲल्युमिनियमचाच ठेवला. त्यांना कार्बन जमत नाही म्हणून नव्हे. पोकळ, घडवलेल्या ॲल्युमिनियमने काम भागतं, म्हणून. म्हणजे ॲल्युमिनियम अमर आहे असंही समजू नका. शिमानोचेच रोड सायकलचे दोन तुकडे चिकटवून केलेले अकरा स्पीडचे क्रँक सुटायला लागले, आणि २०२३मध्ये एकट्या उत्तर अमेरिकेत ७ लाख ६० हजार क्रँक तपासणीसाठी परत बोलवावे लागले. धातू असो की कार्बन, जिथे दोन वस्तू चिकटवल्या तिथे लक्ष ठेवायचं.

कार्बनच्या क्रँकमध्ये अशा जागा तीन. पेडल जिथे आवळतो तिथला ॲल्युमिनियमचा बुश, म्हणजे आट्यांची छोटी नळी. मधला दांडा, म्हणजे स्पिंडल, जिथे बसतो ती जागा. आणि रिंगची जागा. कार्बनमध्ये आटे पाडता येत नाहीत, म्हणून धातूचा बुश घालावाच लागतो. आणि कार्बन व ॲल्युमिनियम एकमेकांना लागून असले आणि मधे खारं पाणी शिरलं की शाळेतल्या प्रयोगातली बॅटरी तयार होते. त्यात झिजतो तो ॲल्युमिनियम. चांगल्या कंपन्या मधे काचतंतूचा वगैरे थर देऊन हे टाळतात. पण घाम, पावसाळ्याचा चिखल आणि तुमची ती डिसेंबरातली दापोली-गुहागरची खारी हवा यांना एक चीर पुरते.

आता माझी हकीकत. मीही ओळखीतल्याकडूनच घेतला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, आजही चांगला माल करते. जुलै महिना, टेकडीची पाषाणकडची बाजू. उजवा पाय खाली गेला की 'कट्'. प्रत्येक फेऱ्याला एक. आधी वाटलं सीटपोस्ट. काढला, पुसला, ग्रीस लावून बसवला. 'कट्'. मग पेडल बदलले. 'कट्'. मग नवीन बॉटम ब्रॅकेट (फ्रेममधलं क्रँकचं बेअरिंग) टाकला, त्याचे पैसे अजून आठवतात. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी 'कट्'. तीन आठवड्यांनी माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने पेडल काढून त्या भोकाखाली हात धरला आणि क्रँकवर बोटाने टिचकी मारली. तळहातावर चिमूटभर पांढरी भुकटी पडली, अगदी टाल्कम पावडरसारखी. ती माझ्या बुशाची झीज होती. त्याने पेडल पुन्हा हाताने लावून हलवलं, आणि पेडलबरोबर तो बुशही कार्बनच्या आत केसभर फिरताना दिसला. मेकॅनिक म्हणाला, "ताई, हा आता भिंतीवर लावा."

कंपनीला लिहिलं. फोटो मागवले, क्रँकवरचा नंबर मागवला, आणि मग अत्यंत नम्रपणे कळवलं की वॉरंटी पहिल्या मालकापुरती आहे. मी दुसरी.

माझ्या वडिलांच्या काळ्या सायकलीची कॉटर पिन झिजली की पायडल डगडगायचं. गल्लीतला सायकलवाला हातोडीने जुनी पिन ठोकून काढायचा, नवीन बसवायचा, काम खतम. ॲल्युमिनियम क्रँकचे पेडलचे आटे गेले तरी चांगला कारागीर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून देतो. कार्बनमधला बुश सुटला की हा मार्ग बंद. स्वतः गोंद भरणारे शूर लोक आहेत. त्यांच्या मागून उतारावर जाऊ नका.

'एक ओरखडासुद्धा नाही' हे वाक्यही तपासून घ्या. दोन वर्षं डोंगरात चाललेल्या क्रँकवर ओरखडा नसेल तर एक तर तो चाललाच नाही, नाहीतर त्यावर नवीन रंग आहे. टाच घासून क्रँकच्या हाताच्या बाहेरच्या बाजूची चमक गेलेली असते, टोकाला दगडाचे टवके असतात. टवके दिसले म्हणून क्रँक बाद होत नाही. ते कुठवर गेलेत ते महत्त्वाचं. वरचा लाखेचा थर गेला तर हरकत नाही. खाली विणीचे धागे उघडे पडले असतील, नख फिरवलं की अडत असेल, तर सोडा. ॲल्युमिनियमवर दगड बसला की खड्डा पडतो, तो दिसतो. कार्बनवर वरून खूणही नसते आणि आत थर सुटलेले असतात. नाण्याने टकटक करून आवाज ऐकायचा उपाय लोक सांगतात. मीही करते, चांगल्या भागाचा टणक आवाज आणि सुटलेल्या भागाचा बद्द आवाज वेगळा कळतो. पण बुशाजवळ, म्हणजे जिथे कळायला हवं नेमकं तिथे, धातूमुळे आवाज फसवतो.

तरी जुना क्रँक बघायला गेलातच, तर सायकलवर लावलेला बघू नका. काढून हातात घ्या. क्रँकच्या डाव्या हाताच्या आतले दाते बघा, जिथे तो स्पिंडलवर बसतो. तुमच्या ओळखीतल्याच्या त्या स्रॅम क्रँकचा मुख्य बोल्ट ८ मिमीच्या ॲलन कीने ५४ न्यूटन मीटरला आवळायचा असतो. २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला २७ किलोचं वजन लटकवावं एवढा तो जोर. घरच्या घरी, खिशातल्या मल्टिटूलने कोणी एवढा आवळत नाही. मग तो ढिला चालतो, दात्यांचे कोपरे गोल होतात, आणि त्यानंतर कितीही आवळला तरी दर आठवड्याला सुटतो. दाते धारदार नसतील तर चहा पिऊन परत या.

आणि हे सगळं उत्तम निघालं तरी तो तुमच्या सायकलला तसाच बसणार नाही. शिमानोचा दांडा २४ मिमीचा, स्रॅमच्या डब पद्धतीचा २८.९९. म्हणजे बॉटम ब्रॅकेट नवीन, तो बसवायची मजुरी. ३४ची रिंग तुम्हाला नको, म्हणजे रिंगही नवीन. त्यातही शिमानोच्या बारा स्पीड चेनच्या आतल्या पट्ट्या वेगळ्या घडणीच्या असतात, तिला जमणारी रिंग वेगळी मागून घ्यावी लागते, नाहीतर चिखलात कुरकुर सुरू. १८ हजारांचा क्रँक असा बघता बघता २२-२३ला जातो. आणि एवढं करून लांबी १७५ ती १७५च.

मग करायचं काय? शिमानोचाच एसएलएक्स मालिकेचा क्रँक १७० मिमीमध्ये घ्या, बारा स्पीडचा, ३० दातांच्या रिंगसकट. तुमचाच बॉटम ब्रॅकेट चालेल, चेन तीच, वजन आजच्यापेक्षा कमीच होईल आणि पैसे उरतील. बसवणं अर्ध्या तासाचं काम. डाव्या हाताचे दोन बोल्ट १२ ते १४ न्यूटन मीटर, दोन्ही आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, एक आधी पूर्ण आणि मग दुसरा असं नाही. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे तुम्हाला माहीत असेल, तरी सांगते, माहीत असलेल्यांनीच आटे खाल्लेले बघितलेत. हिमाचलच्या रेसमध्ये दुसऱ्या दिवशी काही बिघडलंच तर २४ मिमीचा शिमानोचा भाग कोणा ना कोणाच्या पेटीत सापडेल. डबचा सापडेलच असं नाही.

पेडल आपटण्याचा अर्धा इलाज मात्र क्रँकमध्ये नाही, पायात आहे. दगडांच्या पट्ट्यात पूर्ण फेरा मारू नका. पाऊण मागे, अर्धं पुढे, पुन्हा थोडं मागे, पुन्हा पुढे, असं दगड बघून पाय टाकायचा. टेकडीवर एकच दगडी पट्टा निवडा आणि रविवारी तो दहा वेळा करा. पहिल्या तीनदा पडाल.

रेस करून आलात, पैसे साठले आणि तरी कार्बन हवाच असेल, तर घ्या की. हौसेला मोल नसतं आणि तो दिसतो छान, हे मीही मान्य करते. पण नवीन घ्या, बिलासकट, तुमच्या नावावर, १७० किंवा १६५मध्ये. ऑनलाइन मिळणारे विनानावाचे स्वस्त कार्बन क्रँक बघूसुद्धा नका. टोकांना रबरी टोप्या घाला, रेस फेससारख्या कंपन्या क्रँकबरोबरच देतात, इतरांना बाहेर मिळतात. टाच घासते तिथे पारदर्शक फिल्म चिकटवा. आणि खोक्यात दोन पातळ धातूच्या चकत्या असतील, पेडल आणि क्रँक यांच्या मधे घालायच्या, त्या कचरा समजून फेकू नका. त्या नसल्या की पेडलच्या दांड्याचा खांदा थेट कार्बनमध्ये रुततो. पेडलच्या आट्यांना ग्रीस लावा, आणि दर पावसाळ्यानंतर पेडल काढून भोकाखाली हात धरा.

उतरावं लागतं त्या चढाबद्दल एक राहिलं. टायरमध्ये हवा किती भरता ते लिहिलं नाहीत. मुरमावर मागचं चाक जागेवर फिरून उतरावं लागत असेल तर क्रँकही निर्दोष आणि रिंगही. एकदा थोडी हवा कमी करून बघा, मग खरेदीला जा.

आणि दुकानात जाण्याआधी मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, रुंदी मोजून घ्या. १४८ मिमी असेल तर 'बूस्ट' नावाची नवी पद्धत, १४२ असेल तर जुनी पद्धत. १४८ निघाली तर बहुधा ५२ मिमी चेनलाइनचा (सायकलच्या मध्यरेषेपासून रिंगच्या अंतराचा) क्रँक लागेल, तरी दुकानात विचारून घ्या. १४२ निघाली तर मला कळवा, मग बघू. ती सायकल घेताना कोणी पाव किलोचा हिशोब केला होता का, तेही कळवा.

— ताई